जीभ कामावर, घसा घरी

प्रयोगशाळेत मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. कॉलेज गृहविज्ञानाचं, विभाग अन्नशास्त्राचा, आणि काम बहुतेक संत्र्यांचं. नागपुरात दुसरं काय असणार? कारखानदार स्क्वॅशचे, मुरंब्याचे, बर्फीचे नमुने आणून द्यायचे आणि आम्ही सात-आठ जणी ते छोट्या कपांतून चाखून गुण मांडायचो. पहिल्याच आठवड्यात आमच्या विभागप्रमुखांनी, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, सगळ्यांच्या जिभेची परीक्षा घेतली होती. पाण्यात नावापुरती साखर, नावापुरतं मीठ, लिंबाचं सत्त्व, कुनैन. कुठल्या ग्लासात काय आहे ते ओळखायचं. मग पाणी वाढवत न्यायचं. शेवटी सगळ्यांना नुसतं पाणी लागत होतं, तेव्हा मला कुनैन लागत होतं. मोठ्या बाईंनी माझं नाव यादीत सगळ्यात वर लिहिलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक खराब झालेली बाटली आधी माझ्या टेबलावर येऊ लागली.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात सिव्हिल लाइन्समधले एक निवृत्त अधिकारी मोठ्या बाईंना भेटायला आले. पांढऱ्या मिशा, ट्वीडचा कोट, हातात काठी. काठीची गरज पायांना नव्हती, बोलताना टेबलावर आपटायला होती. त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. जगभरच्या वाइन चाखायच्या आणि त्यांच्यावर अभिप्राय लिहायचे. आता त्याची एक पुस्तिका छापायची होती, तीही मराठीत, कारण मराठी माणूस याबाबतीत फार मागे पडला आहे असं साहेबांचं मत होतं.

"पण काम शास्त्रीय व्हायला हवं," ते म्हणाले. "तुमच्याकडे गुणपत्रिका वगैरे असते म्हणे. एखादी हुशार बाई द्या आम्हाला चार दिवस, सकाळच्या वेळी."

साहेब वाइनला द्राक्षासव म्हणत. हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांसमोर बाळंतिणीच्या खाटेखालची वैद्याची बाटली यायची.

मोठ्या बाईंनी आधी आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंना विचारलं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. सासरी कळलं तर काय होईल, म्हणाल्या. त्यांचे यजमान रोज संध्याकाळी कुठे जातात हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक होतं, पण तो वेगळा विषय. मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "तू पीत नाहीस ना? मग तूच जा. पिणाऱ्याला पाठवलं तर परत येणार नाही."

माझ्यासाठी प्रश्न तेवढा सोपा नव्हता. आमचं घर जरीपटक्याच्या अलीकडे. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आईची पांढरी साडी आणि तुफान गर्दी एवढंच मला आठवतं. दारू पिणार नाही, अशी प्रतिज्ञा त्या दिवशी वडिलांनीही घेतली होती. त्याआधी ते पीत. मोहाची. आई सांगायची की नुसता बूच काढून वास घेतला की ही कुठल्या गावची आहे आणि भट्टी लावणाऱ्याने पाणी किती घातलंय, हे ते सांगत. दीक्षेनंतर घोटही नाही. गिरणीतले जुने सोबती दारापर्यंत येऊन हाका मारून गेले, वडील आत पेपर वाचत बसले.

मी त्यांना काम सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले, पाय धुतले आणि मला हाक मारली.

"काहून वं, कायचा एवढा विचार करून राहिली?"

"तुम्हीच तर काही सांगितलं नाही."

"थुकता येते न ते?"

"हो. थुंकायचंच असतं. नाहीतर पाचव्या ग्लासानंतर काही कळत नाही."

"मंग जा. जिभेले कामावर धाड, घशाले घरी ठेव. आन् एक ऐक. तोंडात घ्यायच्या आधी वास घेजो. वास खोटं बोलत नाही, माणसं बोलते."

बंगल्यावर मी सायकलने गेले. मागे कॅरियरला गुणपत्रिका, फडकी, मुरमुऱ्याची पुडी. दोन घोटांच्या मध्ये जीभ साफ करायला आम्ही स्क्वॅशलाही मुरमुरे आणि पाणीच वापरायचो. व्हरांड्यात तीन वेताच्या खुर्च्यांवर मंडळ बसलं होतं. साहेब. विलायतेत शिकून आलेले एक डॉक्टर. आणि रामटेककडे मँगनीजच्या खाणी असलेले एक गृहस्थ, ज्यांचं इंग्रजी कमी आणि हसणं जास्त होतं. तिघांकडेही परमिट होतं. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असं प्रमाणपत्र त्या काळी लागायचं. तिघांचंही प्रमाणपत्र डॉक्टरांनीच दिलं होतं. म्हणजे नागपुरातली ही तीन सर्वांत आजारी माणसं, आणि गाल तिघांचेही सफरचंदासारखे.

"कुठे राहता आपण?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. "आडनाव?" तेही सांगितलं. मग व्हरांड्यात ती शांतता पसरली, जी मला शाळेपासून ओळखीची आहे. ती फार मोठी नसते. चहाचा कप खाली ठेवण्याएवढीच असते.

खाणवाले मोकळ्या मनाने म्हणाले, "मग तर छानच झालं की. तुमच्यात चालतंच ना हे सगळं?"

"चालायचं," मी म्हटलं. "बंद झालं. छप्पन साली."

साहेबांनी घसा साफ केला आणि काठी आपटून म्हणाले की आता कामाला लागू या.

कामाला लागताना पहिली अडचण वेळेची निघाली. मी सकाळी अकराची वेळ मागितली होती, कारण जीभ तेव्हा ताजी असते. डॉक्टरांच्या मते सकाळी अकराला वाइन फक्त दारुडे पितात. दुसरी अडचण सिगारची. तिसरी खाणवाल्यांच्या पानाची, कारण तंबाखूचं पान चघळत फ्रान्सच्या बोर्दो वाइनची परीक्षा घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पण सगळ्यात मोठी अडचण थुंकण्याची. साहेबांच्या वडिलांची एक पितळी पिकदाणी दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली होती. ती मी मागितली तेव्हा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"थुंकायचं? फ्रान्सहून आलेलं द्राक्षासव?"

"तिकडेही थुंकतात म्हणे, साहेब."

"तिकडे त्यांच्याकडे भरपूर आहे," खाणवाले म्हणाले, आणि हे त्या चार सकाळींतलं सगळ्यात समंजस वाक्य होतं.

शेवटी पिकदाणी माझ्या एकटीच्या वापराला आली. ते गिळत होते, मी थुंकत होते.

बाटल्या व्हरांड्यातल्याच काचेच्या कपाटात होत्या. साहेबांचे जावई विमान कंपनीत होते, खाणवाल्यांना यंत्रं विकणारे जर्मन येताना भेट आणायचे, कुणी गोव्याहून, कुणी हंगेरीच्या शिष्टमंडळाकडून. गवताची विणलेली परडी घातलेली इटलीची एक जाडी बाटली तर सर्वांत पुढे मांडलेली होती. कपाट पश्चिमेला तोंड करून. बाटल्या उभ्या. मी सहज विचारलं, किती दिवसांपासून आहेत? साहेब अभिमानाने म्हणाले, "काही तर पाच वर्षं. वाइन जितकी जुनी तितकी मुरते."

नागपूरचे पाच उन्हाळे. ज्या उन्हात डांबर चपलेला चिकटतं, त्या उन्हात बोर्दो पश्चिमेच्या काचेत उभी होती. मला तेव्हाच काळजी वाटली. पण आधी वास घ्यायचा, मग बोलायचं, हे मला घरून सांगून ठेवलेलं होतं.

मी आतल्या खोलीत ग्लास भरून, प्रत्येकावर आकडा चिकटवून बाहेर पाठवायचे, म्हणजे कुठली कुठल्या देशाची ते मंडळाला कळू नये. ग्लास नेणारा आणि धुणारा त्यांचाच जुना खानसामा होता. मग मीही बाहेर बसायचे आणि ते काय बोलतात ते गुणपत्रिकेत उतरवून घ्यायचे. ती बोलणी मी आजही विसरलेले नाही. डॉक्टर ग्लास उन्हाकडे धरून डोळे मिटायचे. "यात नदीकाठची माती आहे. पाऊस पडून गेलेली. आणि कुठेतरी दूर, फार दूर, एक चामड्याचं खोगीर." साहेब म्हणायचे, "ही घरंदाज आहे. पण संकोची आहे. पहिल्या भेटीत बोलणार नाही." मुलगी पाहायला आलेल्या वरपित्यासारखं त्यांचं सगळं भाष्य असायचं: हिची चाल, हिची ठेवण, हिचं कूळ. खाणवाले प्रत्येक ग्लासाला म्हणायचे, "फर्स्ट क्लास," आणि वीसपैकी सोळा गुण द्यायचे. सगळ्यांना सोळा. पाण्याचा ग्लास ठेवला असता तरी सोळा.

माझ्या कागदावर काय होतं? जर्मनीची पांढरी: कच्ची बोरं, थोडा मध, चांगली. गोव्याची: जांभळाचा पाक, साखर जास्त, पण बिघाड नाही. हंगेरीची: मनुका, वाळलेला जर्दाळू, फारच सुंदर. ती थुंकताना मला खरंच वाईट वाटलं, हे कबूल करते. इटलीची: सिरका. बोर्दोच्या तिन्ही बाटल्या: सिरका, सिरका, आणि तिसऱ्या वेळी मी लिहिलं, "कांद्यावर घालण्यायोग्य."

चौथ्या सकाळी मी निकाल वाचला. आमच्या पद्धतीत एक नमुना मुद्दाम दोनदा ठेवतात, दोन वेगळ्या आकड्यांनी. चाखणाऱ्याने दोन्ही वेळा जवळपास सारखे गुण दिले तर त्याच्या जिभेवर भरवसा ठेवायचा. मी तेच केलं होतं. सत्तावीस आणि चौसष्ट हे दोन्ही ग्लास एकाच बोर्दोचे होते. डॉक्टरांनी सत्तावीसला अठरा गुण देऊन "निःसंशय फ्रेंच, अभिजात" असं लिहायला सांगितलं होतं आणि चौसष्टला पाच गुण देऊन "गोव्याची, बहुधा घरगुती". साहेबांचे सतरा आणि सहा. खाणवाले एकटेच पास झाले, सोळा आणि सोळा.

ते एवढ्या जोरात हसले की खानसामा बाहेर आला. बाकी दोघे हसले नाहीत.

"तुम्ही आमची परीक्षा घेत होतात?" साहेबांनी विचारलं.

"पद्धत आहे, साहेब. संत्र्याच्या स्क्वॅशलाही हेच करतो."

"स्क्वॅश!" काठी आपटली.

मग मी उरलेलंही सांगून टाकलं. फ्रान्सच्या आणि इटलीच्या बाटल्या उन्हाने आंबल्या आहेत, बुचं सुकली आहेत, आत हवा गेली आहे, हा आता सिरका आहे. गुण देण्याचा प्रश्नच उरत नाही.

"मुली," डॉक्टर फार शांतपणे म्हणाले, "तू फ्रान्स पाहिलं आहेस?"

"नाही. सिरका पाहिलाय."

"ज्याला तू आंबट म्हणतेस त्याला तिकडे धार म्हणतात. हे समजायला नुसती जीभ पुरत नाही. घरात संस्कार लागतात. पिढ्या लागतात."

मला त्यांना सांगायचं होतं की डॉक्टरसाहेब, आमच्या घरात पणजोबापासून वडिलांपर्यंत सगळे पीत होते, पिढ्या काही कमी पडलेल्या नाहीत. पण हे उत्तर मला सीताबर्डीच्या उतारावर सायकलवर सुचलं. तिथे ते मी मोठ्याने म्हटलंही, आणि एका रिक्षावाल्याने मला वाट करून दिली. व्हरांड्यात मात्र मी फक्त कागद गोळा केले आणि प्रत्येक बाटलीचा थोडा नमुना लहान शिशीत भरून घेतला.

प्रयोगशाळेत मी आम्लता मोजली. ब्युरेटची नळी जातपात विचारत नाही, पिढ्याही विचारत नाही. रंग बदलला की बदलला. बोर्दोचा आकडा आमच्या कपाटातल्या सिरक्याच्या शेजारी जाऊन बसला. मोठ्या बाईंनी स्वतः दोनदा तपासून सही केली आणि अहवाल बंगल्यावर पाठवला. उत्तर आलं नाही.

अहवाल पोचून आठवडा झाला असेल, साहेबांच्या पत्नी प्रयोगशाळेत आल्या. चार सकाळींत मी त्यांना फक्त पडद्याआडून चहाची सूचना देताना ऐकलं होतं. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला पिशवी. पिशवीतून त्यांनी माझा अहवाल काढला, नीट घडी घातलेला, आणि हलक्या आवाजात विचारलं, "यातल्या नेमक्या कुठल्या बाटल्या कांद्यात घालता येतील हो?"

मी खुणा करून दिल्या. त्या खुर्ची ओढून बसल्याच. पाच वर्षं ते कपाट पुसायचीसुद्धा त्यांना परवानगी नव्हती, म्हणाल्या. हात लागला तर वाइनला धक्का बसतो म्हणे. आणि आता अहवाल वाचून साहेबांनी कपाटाकडे बघणंच सोडलं होतं. आम्ही दोघींनी मिळून छोट्या कांद्यांची कृती लिहिली: मीठ किती, मिरी किती, किती दिवस मुरवायचे. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. तो सोडला का, याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या, एक बरणी घेऊन. मंडळ जेवायला जमलं होतं तेव्हा त्यांनी ते कांदे पानात वाढले होते. डॉक्टरांनी तीनदा मागून घेतले. "वहिनी, हा सिरका इथला नाही," म्हणाले. "यात काहीतरी फ्रेंच आहे."

"बरोबर ओळखलंत," वहिनी म्हणाल्या.

हे सांगताना हसून हसून त्यांच्या चष्म्याआड पाणी यायला लागलं होतं. मोठ्या बाईसुद्धा हसता हसता टेबलावर टेकल्या. ती बरणी आम्ही सगळ्या स्टाफने दोन दिवसांत संपवली. कांदे खरोखर उत्तम होते.

पुस्तिका उन्हाळ्यात निघाली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर द्राक्षांचा घड. माझी गुणपत्रिका त्यात जशीच्या तशी होती, फक्त गुण नवे होते. बोर्दोला एकोणीस. "तिची धार नवख्या जिभेला आंबट भासण्याचा संभव आहे," असं एक वाक्य खास घातलेलं होतं. आणि शेवटच्या पानावर आभार: विमान कंपनीतल्या जावयांचे, जर्मन पाहुण्यांचे, आणि मग, "पेले धुण्याचे काम प्रयोगशाळेतील एका मुलीने चोख बजावले."

मी ते पान कितीदा वाचलं असेल कोण जाणे. मोठ्या बाई म्हणाल्या, सोडून दे, कोण वाचतंय. त्यांचं खरं होतं. पण पुस्तिका घरी नेण्याची चूक मी करून बसले होते. मुलगी जगभरच्या वाइनची परीक्षा घेते आणि एक थेंबही गिळत नाही, हे वडिलांनी गिरणीतल्या अर्ध्या खात्याला सांगून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर बोट ठेवून ते थांबले.

"तू धुतले का पेले?"

"नाही. त्यांच्या खानसाम्याने धुतले."

"मंग लिहून दे. का मी धुतले नाही."

"बाबा, धुतले असते तरी काय बिघडलं असतं?"

"धुन्यात काही नाही बिघडत. तुह्या मायनं जिंदगीभर लोकाईचे भांडे धुतले. पन जे काम तू केलं ते त्याईनं खाल्लं न, आन् जे नाही केलं ते तुले देल्लं. लिही."

मी दोन ओळी लिहिल्या. मी पेले धुतले नाहीत. मी वाइनची परीक्षा केली, निकाल सोबत जोडला आहे. खाली सही, पद, विभाग. वडील म्हणाले, पोस्टात टाकायचं नाही. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून, सायकल काढून ते स्वतः सिव्हिल लाइन्सला गेले. मी दुपारभर दाराशी घिरट्या घालत होते. ते आले तेव्हा उन्हाने काळेठिक्कर पडले होते, पण चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"भेटले का साहेब?"

"भेटले. बसा म्हने व्हरांड्यात. पानी विचारलं. मी म्हटलं पानी नको, मले उत्तर पाह्यजे."

"मग?"

"मंग चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. आतून एक पुस्तक आनलं, पेन काढला, आन् माह्या समोर दुरुस्ती केली. चष्मा घरीच राह्यला, मले काही वाचता नाही आलं. म्हने, पुढच्या वेळी छापू तवा असंच छापू. मले म्हने, तुमची पोरगी हुशार आहे, पन जरा हट्टी आहे. मी म्हटलं, हट्टी मी आहो, ते हुशार आहे."

त्यांनी सदऱ्याच्या आतून पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. मी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. साहेबांचं अक्षर सुंदर होतं, सरकारी फायलींवर मुरलेलं. निळ्या शाईने त्यांनी "एका मुलीने" हे दोन शब्द काट मारून खोडले होते आणि वर नीट लिहिलं होतं, "एका विदुषीने."

पेले धुण्याचं काम तसंच होतं.